कोंडाण्याची युगुले आणि अभिव्यक्तिवादी शृंगार

नेरळवरून कर्जतला जाऊन राजमाचीच्या पायथ्याशी पोहोचले की कोंडाण्याची बौद्ध लेणी लागतात. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर नृत्यमग्न स्त्रीपुरुष कोरलेले आहेत. काही पुरुषांच्या हाती शस्त्रे आहेत, पण शरीरांची लय प्रणयाची आहे. जवळच कण्हाचा शिष्य बलक याने हे काम केल्याचा ब्राह्मी लेख आहे. भिक्षूंच्या उपासनास्थानी शृंगाराला मज्जाव नव्हता. युगुल हे मांगल्याचे चिन्ह मानले जाई.

सुमारे दोन सहस्र वर्षांनंतर, 1954 मध्ये, मुंबईच्या जहांगीर कलादालनात अकबर पदमसी यांची ‘प्रेमी’ या विषयावरील दोन चित्रे पोलिसांनी आक्षेपार्ह ठरविली. ती उतरविण्यास पदमसी यांनी नकार दिला व त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. दंडाधिकाऱ्यांनी त्यांना निर्दोष ठरविले. उच्च न्यायालयातही तो निर्णय टिकला. तत्पूर्वी 1949 मध्ये मूळचे गोव्याचे फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्या नग्न आत्मचित्रावरही असाच आक्षेप आला होता.

अशा चित्रांचे समर्थन करताना प्राचीन शिल्पांचा दाखला देण्याची प्रथा आहे. बचाव म्हणून तो उपयुक्त असला, तरी समीक्षा म्हणून अपुरा आहे. कोंडाण्यातील जोडी कोणा विशिष्ट प्रेमिकांची नव्हे. तिला नाव नाही, गतकाळ नाही, म्हणून व्यथाही नाही. ती समूहाच्या उत्सवात सामील आहे.

अभिव्यक्तिवादी शृंगाराची जात निराळी. ऑस्ट्रियन चित्रकार ओस्कार कोकोश्का यांनी 1913-14 मध्ये आल्मा मालरवरील आपल्या प्रेमातून ‘वाऱ्याची वधू’ हे चित्र रंगविले. तीत स्त्री निश्चिंत निजली आहे. पुरुष मात्र डोळे उघडे ठेवून जागा आहे. शरीरे बिलगलेली असूनही मने दुरावलेली आहेत. आपल्या रसव्यवस्थेत संभोग आणि विप्रलंभ हे शृंगाराचे दोन स्वतंत्र भेद आहेत. येथे ते एकाच शय्येवर एकत्र आले आहेत, आणि भोवतालचे रंग त्या जागणाऱ्या मनानेच ढवळून काढले आहेत.

व्हिएन्नाहून मुंबईस आलेल्या वॉल्टर लँगहॅमर यांच्यासारख्या निर्वासितांमुळे या कलेचा परिचय येथील तरुण चित्रकारांना झाला. परंतु पदमसींची आकृती कोकोश्कांसारखी वादळी नाही. ती स्तब्ध आहे, जवळजवळ मूर्तीसारखी. पुरुषाचा हात स्त्रीच्या स्तनावर आहे. त्या स्पर्शात उत्सवाऐवजी गांभीर्य जाणवते. मूर्तीची स्थिरता येथे उरली, तिच्यामागचा समूह मात्र राहिला नाही. आक्षेप घेणाऱ्यांना नग्नता दिसली; समर्थकांना परंपरा दिसली. दोघांच्याही नजरेतून निसटले ते त्या दोन माणसांचे एकाकीपण.

परंपरेचा आधार घेऊन चित्राला भिंतीवर जागा मिळवून देता येते. ते पाहण्याचे काम त्यानंतर सुरू होते.