वस्तुसंग्रहालयीन नोंदींची भाषा

संग्रहालयातील वस्तूंची संगणकीय नोंद कोणत्या नियमांनी करावी, हा प्रश्न आपल्याकडे बहुधा तंत्रज्ञांकडे सोपविला जातो. वस्तुतः तो प्रथम भाषेचा प्रश्न होय. रकान्यास कोणते नाव द्यावे आणि त्यात कोणता शब्द भरावा, हे ठरताना वस्तूविषयीचे पुष्कळसे ज्ञान टिकते वा नाहीसे होते.

पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने सिद्ध केलेली ‘जतन’ प्रणाली हा या क्षेत्रातील आपल्याकडचा महत्त्वाचा प्रयत्न. २०१४ साली सुरू झालेले भारतीय संग्रहालयांचे राष्ट्रीय संकेतस्थळ तिच्यावर उभे आहे. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम व हैदराबादचे सालारजंग यांच्या नोंदी एका साच्यात आणणे हे लहान काम नव्हे. परंतु शीर्षक, प्रमुख द्रव्य, कलावंत, उगमस्थान, काल हे रकाने चित्र, शिल्प वा हस्तलिखित डोळ्यांपुढे ठेवून योजलेले दिसतात. शिवाय नोंदी प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. घरगुती वा शेतीच्या वस्तूस ज्ञात कलावंत क्वचितच असतो. तिला असतो तो वापरणारा, आणि त्याने उच्चारलेले नाव.

समजा, मुळशी तालुक्यातील नांदे गावच्या एखाद्या घरातून इरले संग्रहालयात आले. बांबूच्या कामट्या व पळसाची पाने यांचे हे आच्छादन भातलावणीच्या वेळी डोक्यापाठीवर घेतात. ते वस्त्र, अवजार की निवारा? अमेरिकेत १९७८ साली रॉबर्ट चेनहॉल यांनी मांडलेली नामपद्धती वस्तूचे वर्गीकरण तिच्या कार्यावरून करते. तीत इरल्यास एक घर पक्के करावे लागेल. गेटी संस्थेचा कला-वास्तू शब्दकोश एका संज्ञेस अनेक वर्गांत स्थान देतो, म्हणून तो आपणांस अधिक सोयीचा. तथापि दोहोंतही ‘इरले’ हा शब्द आपण स्वतंत्रपणे नोंदविला नाही, तर उरेल ते केवळ पावसाळी आच्छादन.

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत, आणि तेथील दिवे सर्वश्रुतच आहेत. समई जमिनीवर उभी राहते, लामणदिवा साखळीने टांगतात, निरांजन ओवाळण्यास लागते. तिन्हींपुढे ‘लँप’ लिहिले की शोध सुलभ होतो हे खरे. पण तेवढेच लिहिले तर तिघांतील भेद पुसला जातो. २००६ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून स्वीकारलेले सीडॉक प्रतिमान वस्तू आणि तिची नावे ही पृथक् मानते, हे या दृष्टीने फार उपयुक्त होय. एका वस्तूस दहा नावे असोत. कोणते कोणाचे, एवढे कळले पाहिजे.

ग्रामनामाची अडचण निराळी. रोमन लिपीत ‘नांदे’ आणि ‘नांदेड’ यांत एका अक्षराचेच अंतर उरते; त्यातून नांदेड नावाचे गाव पुण्याजवळ सिंहगड रस्त्यावरही आहे. मराठीत लिहिले तरी प्रश्न संपत नाही. ‘नांद्याचे इरले’ अशी नोंद ‘नांदे’ शोधणाऱ्यास सापडणार नाही, कारण सामान्यरूपात मूळ शब्द पालटतो. स्थलनाम नेहमी प्रथमेत, तालुका व जिल्ह्यासह, स्वतंत्र रकान्यात असावे. वर्णनात सामान्यरूप खुशाल यावे.

कालाविषयी आपले नोंदकार धीट असतात. तांब्यावर कोरलेल्या शकात ७८ मिळवावे की ७९, हे महिन्यावर अवलंबून असते. महिना नसेल तर दोन्ही वर्षे नोंदवावीत. पेशवेकालीन कागदांतील शुहूर सन तर मृगास पालटतो. शुहूर ११६१ हे वर्ष १७६० च्या उन्हाळ्याअखेरीस सुरू होते, आणि पानिपतचे युद्ध (१४ जानेवारी १७६१) त्याच वर्षात पडते. तेथे केवळ ‘१७६०’ लिहिणे म्हणजे साधनाने न सांगितलेले सांगणे. मूळ कालनिर्देश जसाच्या तसा एका रकान्यात व त्याचे रूपांतर दुसऱ्यात, हा नियम अपवादाविना पाळला पाहिजे.

यांखेरीज एक रकाना मला अत्यावश्यक वाटतो : नाव कोणत्या गावी, कोणत्या वयाच्या व कोणत्या व्यवसायाच्या माणसाने सांगितले. त्याच मुळशी तालुक्यात हिंजवडीची माहिती-तंत्रज्ञान वसाहत आहे. भातखाचरे आणि त्यांच्या अवजारांची नावे जाणणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. ही नोंद वस्तू स्वीकारतानाच, दाता समोर असताना व्हावी. वस्तूस क्रमांक पडून ती कपाटात गेली की हा रकाना भरण्यास पुन्हा कोणी गावी जात नाही.