आईच्या भाषेत नसलेला शब्द

मुलाला आईला काही सांगायचे आहे. पण त्या गोष्टीला आईच्या भाषेत काय म्हणतात, तेच त्याला ठाऊक नाही. त्रुंग ले न्युएन यांची 'द मॅजिक फिश' (२०२०) ही इंग्रजी चित्रकादंबरी एवढ्या साध्या अडचणीवर उभी आहे.

काळ १९९८ चा. तेरा वर्षांचा तिएन अमेरिकेत वाढतो आहे. आईवडील व्हिएतनाममधून निर्वासित होऊन आलेले. आई हेलन शिवणकाम करते. तिची इंग्रजी कच्ची, मुलाची व्हिएतनामी अर्धवट. दोघे परीकथा आणून एकमेकांना वाचून दाखवतात. निमित्त आईच्या इंग्रजीचे, पण हळूहळू मनातले सारे या कथांतूनच बोलले जाऊ लागते. तिएनला एका वर्गमित्राची ओढ आहे. ते सांगण्यासाठी तो व्हिएतनामी शब्द शोधतो. सापडत नाही.

इथे पुस्तक मिटून मी थोडा वेळ बसून राहिले. मी उर्दू शाळेत शिकवते. आमची मुले घरी दखनी, वर्गात उर्दू आणि बाजारात मराठी बोलतात. मराठीत 'समलिंगी', उर्दूत 'हमजिन्सपरस्त' असे छापील शब्द आहेत; पण अम्मीजवळ बसून ते कोण उच्चारणार? मुलांच्या तोंडी असतो तो दुसराच शब्द, आणि तो शिवी असतो.

चित्रांची योजना सोपी आणि नेमकी आहे. चालू काळ लाल, आईचा भूतकाळ पिवळा, परीकथा निळसर. कथा ऐकता ऐकता पानावर पिवळा रंग उतरला, की आईचे मन कुठे गेले हे वेगळे सांगावे लागत नाही. कथांची निवडही विचारपूर्वक आहे. सिंड्रेलाच्या वळणाची व्हिएतनामी 'ताम-काम' आहे, तशीच अँडरसनची जलपरीही आहे. किनाऱ्यावर येण्यासाठी आवाज गमावलेली ही जलपरी समुद्रापार आलेली आई आहे आणि गप्प बसलेला मुलगाही. एकच कथा दोघांना लागू पडते, हे लेखकाचे खरे यश.

उणीव आहे ती वडिलांच्या चित्रणात. ते कडेलाच उभे राहतात. घरात अशी गोष्ट निघाली की बापाची चुप्पीही बोलत असते. तिला इथे पान मिळालेले नाही.

मला सर्वांत अस्वस्थ केले ते शाळेने. मुलाचे गुपित शिक्षिकेच्या कानी जाते आणि त्याला धर्मगुरूंपुढे बसवले जाते. त्या बाई मला दुष्ट वाटल्या नाहीत. मुलाचे भले करतो आहोत, या समजुतीत आम्ही शिक्षक असेच वागतो. त्यांच्या जागी मी असते तर वेगळे काही केले असते, असे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

शेवटी आई जलपरीची कथा सांगते आणि तिचा शेवट बदलते. मुलाला हवे ते उत्तर त्यातच मिळते. हे आपल्याला परके नाही. ऐकणाऱ्या लेकराचे तोंड बघून कहाणीचा शेवट बदलणाऱ्या नानी-दादी आपल्या घरांतही होऊन गेल्या आहेत. हे पुस्तक कोणी उर्दूत किंवा मराठीत उतरवायला घेतले, तर त्याला आधी एक शब्द शोधावा लागेल, जो मुलगा अम्मीसमोर मान खाली न घालता उच्चारू शकेल.