पावसाआधीच पडदा

भविष्यातलं तंत्रज्ञान म्हटलं की दूरचित्रवाणीला यंत्रमानव आठवतो. झी मराठीवरच्या 'तुफान आलंया' (2017) या मालिकेने टिकाव-फावडं दाखवलं, हे तिचं मोठेपण आहे. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेवर ती बेतलेली होती. ही स्पर्धा 2016 मध्ये 3 तालुक्यांत झाली, 2017 मध्ये 30 आणि 2018 मध्ये 75. सलग समतल चर, बांधबंदिस्ती, 'माथा ते पायथा' ही परिभाषा मालिकेने घरोघरी नेली.

माझा आक्षेप तिच्या घाटाविषयी आहे. 2017ची स्पर्धा 8 एप्रिल ते 22 मे अशी 45 दिवसांची होती. म्हणजे नाट्य पावसाआधीच संपतं. चर कोण खणतं हे दिसतं. मुरलेलं पाणी कोण उपसणार, त्यावर कोणतं पीक घेणार, हे ठरण्याआधीच पडदा पडतो. श्रम दृश्य, वाटप अदृश्य.

कामथडीत बसून पाहताना हे अधिक खुपतं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत धो धो पाऊस पडतो, भाटघरचं पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती-फलटणकडे जातं, आणि उन्हाळ्यात डोंगरावरच्या वाड्यांतल्या बाया हंडे घेऊन हिंडतात. इथे उणीव पावसाची नाही, हक्काची आहे. गाव विरुद्ध गाव अशा स्पर्धेत धरणाच्या वरचं गाव आणि खालचं गाव यांचा हिशेब मावत नाही.

फाउंडेशनने पुढे समृद्ध गाव स्पर्धा आणि 2022 मध्ये फार्मर कप घेतला. भर चर खणण्यावरून पिकांवर, शेतकरी गटांवर आला. कामाने टाकलेलं हे पाऊल मालिकेच्या घाटानेही टाकावं. पुढच्या मालिकेचा पहिला भाग जूनमध्ये सुरू व्हावा.