वाक्य संपेपर्यंत थांबा

'कौन बनेगा करोडपती' बघत मोठे झालेले आपण. सूत्रसंचालक म्हणजे ताणून धरणारा माणूस, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. अॅलेक्स ट्रेबेक याच्या अगदी उलट होता. अमेरिकेतल्या 'जेपर्डी!'त जाहिराती धरून अर्ध्या तासात जास्तीत जास्त 61 प्रश्न बसवायचे असतात. तिथे ताणायला वेळच नाही.

ट्रेबेक 1940 साली कॅनडातल्या सडबरीत जन्मला. वडील युक्रेनहून आलेले, पेशाने शेफ. ओटावात तत्त्वज्ञान शिकून तो सीबीसीवर बातम्या वाचू लागला, 1973 मध्ये अमेरिकेत आला आणि 1984 पासून 2020 मध्ये मृत्यू येईपर्यंत 'जेपर्डी!'चे 8,200 हून जास्त भाग त्याने केले. आपली ओळख 'स्टार' नाही, 'होस्ट' म्हणून करून द्या, असा त्याचा आग्रह असे.

त्याचा स्वर कधीकधी हेडमास्तरी वाटायचा, आणि स्पर्धकांशी त्याच्या गप्पा बहुतेकदा अवघडलेल्या असत. पण त्याचं वाचन? 1985 पासून नियम असा, की त्याने प्रश्न पूर्ण वाचेपर्यंत बझर बंद. वाचून झालं की पडद्यामागचा एक माणूस ते सुरू करतो. आधी दाबलंत तर पाव सेकंद तुमचा बझर लॉक. म्हणजे ट्रेबेकचा आवाज हेच या खेळाचं घड्याळ. मुरलेले खेळाडू त्याच्या शेवटच्या शब्दाची लय पकडून बोट उचलायचे.

2011 मध्ये आयबीएमच्या वॉटसनने केन जेनिंग्ज आणि ब्रॅड रटर या दोन दिग्गजांना हरवलं. आमच्या क्षेत्रात ही गोष्ट अजून कौतुकाने सांगितली जाते. पण वॉटसनला प्रश्न मजकूर म्हणून मिळत होता आणि बझर सुरू झाल्याचा सिग्नलही थेट. त्याला ऐकूच येत नव्हतं. एकदा जेनिंग्जने '1920 चं दशक' असं चुकीचं उत्तर दिलं आणि लगेच वॉटसनने तेच दिलं. ते केनने आत्ताच सांगितलं, हे ट्रेबेकला त्याला सांगावं लागलं.

माझ्या मते वॉटसन 'जेपर्डी!' जिंकला, पण ट्रेबेकच्या खेळात तो उतरलाच नाही. त्या खेळाची पहिली अट होती दुसऱ्याचं वाक्य पुरतं ऐकणं. उत्तरं देणारी यंत्रं आता आपल्या खिशात आहेत. आपलं थांबून ऐकणं मात्र कमी होत चाललंय.

मार्च 2019 मध्ये ट्रेबेकने आपल्याला चौथ्या स्टेजचा स्वादुपिंडाचा कर्करोग असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी नोव्हेंबरमधल्या एका भागात एका विद्यार्थ्याने शेवटच्या प्रश्नाला उत्तरच दिलं नाही. जवळपास सगळी रक्कम पणाला लावून त्याने लिहिलं, की आमचं तुमच्यावर प्रेम आहे, अॅलेक्स. ट्रेबेकने सवयीने ते मोठ्याने वाचायला घेतलं आणि त्याचा आवाज अडकला. हे वाक्य त्याच्या समोरच्या कागदावर नव्हतं.