अपघात, घातपात आणि साक्षीदाराची पत : हॅमरशोल्ड-मृत्यूची कथने

संशयास्पद मृत्यूची बातमी देताना 'अपघात की घातपात?' हा प्रश्न मराठी वृत्तपत्रे इतक्या सवयीने विचारतात की त्यातील भाषिक गुंता आपल्या लक्षात येत नाही. 'घात' दोन्ही शब्दांत आहे. फरक आहे तो हेतूचा. घातपाताला हेतू बाळगणारा कर्ता असावा लागतो, अपघाताला तो लागत नाही. म्हणूनच एखादी अधिकृत संस्था 'अपघात' असा निर्णय देते तेव्हा ती केवळ कारण सांगत नसते; कर्त्याचा शोध थांबविण्याचा अधिकारही ती बजावीत असते. हा अधिकार कोणत्या वाचनपद्धतीच्या आधारे बजावला जातो, हा प्रश्न साहित्यसमीक्षेच्या कक्षेत येतो, असे प्रस्तुत लेखात मांडावयाचे आहे. त्यासाठी संयुक्त राष्ट्रसंघाचे सरचिटणीस डाग हॅमरशोल्ड यांच्या मृत्यूची कथने विचारात घेतली आहेत.

१७ सप्टेंबर १९६१ रोजी हॅमरशोल्ड लिओपोल्डव्हिलहून, म्हणजे आजच्या किन्शासाहून, उत्तर ऱ्होडेशियातील एन्डोला येथे निघाले. काँगोपासून फुटून निघालेल्या कटांगा प्रांताचे नेते मोईझ त्शोंबे यांच्याशी त्यांना युद्धबंदीची बोलणी करावयाची होती. मध्यरात्रीनंतर त्यांचे 'आल्बर्टिना' हे डीसी-६ जातीचे विमान एन्डोलाच्या विमानतळाजवळच्या जंगलात कोसळले. विमानात सोळा जण होते. हॅरल्ड ज्युलियन हे सुरक्षा अधिकारी तेवढे जिवंत सापडले आणि काही दिवसांनी तेही रुग्णालयात मरण पावले. अपघातस्थळ विमानतळापासून सुमारे पंधरा किलोमीटरवर असूनही अवशेष सापडल्याची अधिकृत नोंद होण्यास जवळजवळ पंधरा तास लागले. ऱ्होडेशियन चौकशी आयोगाने १९६२ च्या फेब्रुवारीत वैमानिकाच्या चुकीवर बोट ठेवले. त्याच वर्षी नेपाळचे ऋषिकेश शाह यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त राष्ट्रसंघाच्या आयोगाने मात्र घातपाताची शक्यता नाकारता येत नाही असे सांगून निष्कर्ष खुला ठेवला. 'अपघात' आणि 'अनिर्णित' अशी दोन वाचने एकाच घटनेला एकाच वर्षात लाभली.

त्झ्वेतान तोदोरोव्ह यांनी रहस्यकथेचा विचार करताना तिच्यात दोन कथा असतात असे दाखविले आहे : एक गुन्ह्याची आणि दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली, पण अनुपस्थित असते. दुसरी उपस्थित असते, आणि पहिलीचा उलगडा करून ती स्वतः संपते. ऱ्होडेशियन अहवालाची रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. त्याचा निष्कर्ष प्रत्यक्ष पुराव्यापेक्षा वजाबाकीवर उभा आहे. सुचविलेली अन्य कारणे एकेक करून बाद करावयाची आणि जे उरेल ते कारण मानावयाचे, ही ती रीत. रहस्यकथेतील गुप्तहेरही हेच करतो. परंतु तेथे उरलेल्या संशयिताला अखेरच्या प्रकरणात बोलते केले जाते. येथे जो उरला तो वैमानिक मृत होता. हेतू नसलेला आणि उत्तर देऊ न शकणारा असा कर्ता मिळाल्याने तपासाची कथा पूर्ण झाली, पण गुन्ह्याची कथा सांगितली गेलीच नाही.

वजाबाकीची ही रीत टिकावयाची तर काही साक्षी आधी बाद होणे आवश्यक असते. एन्डोलाच्या परिसरात रात्री जंगलात लाकडी कोळसा पाडणारे आफ्रिकी मजूर होते. आसपास वस्ती होती. त्यांपैकी काहींनी आकाशात दुसरे विमान पाहिल्याचे किंवा विमान कोसळण्यापूर्वीच आकाशात उजेड वा आग दिसल्याचे सांगितले. ऱ्होडेशियन आयोगाने या साक्षी विश्वासार्ह मानल्या नाहीत. ज्युलियन यांनी रुग्णशय्येवर स्फोटाचा आणि आकाशातील ठिणग्यांचा उल्लेख केला होता. तो गंभीर जखमी माणसाची बरळ म्हणून बाजूस सारला गेला. उलट, विमानतळाच्या मनोऱ्याने वैमानिकाशी केलेल्या संभाषणाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध नव्हते आणि जी नोंद उपलब्ध झाली ती मागाहून सिद्ध केलेली होती. तिला मात्र दस्तऐवजाचे स्थान मिळाले. म्हणजे प्रश्न साक्षीच्या सुसंगतीपुरता नव्हता. साक्षीदाराच्या पतीचा होता. वासाहतिक राज्यात लिहिणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्याची स्मृती ही नोंद ठरते आणि पाहणाऱ्या काळ्या मजुराची नोंद ही कल्पना ठरते.

गायत्री चक्रवर्ती स्पिव्हाक यांच्या १९८८ मधील सुप्रसिद्ध निबंधाचा आपल्याकडे पुष्कळदा असा अर्थ लावला जातो की वंचिताला बोलता येत नाही. त्या निबंधाचा रोख याहून सूक्ष्म आहे. वंचिताचे उच्चारण उच्चारण म्हणून ग्राह्य धरणारी श्रवणव्यवस्थाच अस्तित्वात नसते, हा तो रोख. एन्डोलाचे मजूर १९६१ मध्ये बोलले होते. काही जण भीतीपोटी गप्पही राहिले, आणि ते गप्प राहणे हेही त्या व्यवस्थेविषयीचे विधानच होते. सुमारे अर्ध्या शतकानंतर स्वीडिश संशोधक योरान ब्योर्कडाल यांनी झांबियात जाऊन हयात साक्षीदारांना पुन्हा विचारले. सुझन विल्यम्स यांचा हॅमरशोल्ड यांच्या मारेकऱ्यांचा शोध घेणारा ग्रंथ २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. न्यायमूर्ती स्टीफन सेडली यांच्या अध्यक्षतेखालील स्वतंत्र आयोगाने २०१३ मध्ये या साक्षी गांभीर्याने घेतल्या आणि चौकशी पुन्हा उघडण्यास आधार आहे असे म्हटले. साक्षींचा गाभा पुष्कळसा जुनाच होता. बदलला होता तो वाचक.

अपघाताच्या अधिकृत कथनाशेजारी एक साहित्यिक कथनही उभे राहिले आणि त्याची जबाबदारी आपल्या क्षेत्रावर येते. हॅमरशोल्ड स्वीडिश अकादमीचे सदस्य होते. सँ-जॉन पर्स यांच्या दीर्घकाव्याचे त्यांनी स्वीडिशमध्ये भाषांतर केले होते. मृत्यूनंतर त्यांच्या न्यूयॉर्कमधील निवासस्थानी टिपणांचे हस्तलिखित सापडले. ते १९६३ मध्ये 'व्हेगमार्केन' या नावाने प्रकाशित झाले आणि पुढच्याच वर्षी डब्ल्यू. एच. ऑडन व लेइफ स्योबेरी यांचे इंग्रजी भाषांतर आले. टिपणांसोबतच्या पत्रात हॅमरशोल्ड यांनी त्यांना स्वतःशी आणि ईश्वराशी चाललेल्या वाटाघाटींची एक प्रकारची श्वेतपत्रिका म्हटले आहे. शासकीय लेखनप्रकाराचे नाव अंतर्मनाच्या नोंदींना देण्यातील उपरोध विसरता येण्याजोगा नाही. विशेष असे की, या श्वेतपत्रिकेत त्यांच्या सार्वजनिक कार्याचा प्रत्यक्ष उल्लेख नाही. तरीही त्यातील त्याग, आत्मसमर्पण आणि मृत्यू यांविषयीच्या नोंदी एन्डोलाच्या घटनेवर बसवून वाचण्याचा मोह अनेकांना झाला. असे वाचन मृत्यूला जीवनाची आंतरिक परिणती बनविते. राजकीय प्रश्न ज्या क्षणी विचारावयाचा, त्या क्षणी ते 'नियती' हा शब्द पुढे करते. अहवालातील अपघाताला हेतू नाही आणि या वाचनातील नियतीलाही मारेकऱ्याची गरज नाही. भाव एकमेकांपासून कितीही दूर असले तरी व्याकरण एकच आहे.

याच्या नेमके उलट टोक माड्स ब्रुगर यांच्या २०१९ मधील 'कोल्ड केस हॅमरशोल्ड' या अनुबोधपटात दिसते. पांढऱ्या वेषातील दिग्दर्शक दोन आफ्रिकी स्त्री-टंकलेखिकांना कथा सांगतो आणि त्या ती टंकित करतात. चित्रपट स्वतःच्या निवेदकाची अविश्वसनीयता उघड करतो, हे त्याचे भान. परंतु हे भान जितके चतुर होत जाते तितके कटाचे कथन स्वैर होत जाते. त्यातील काही खळबळजनक दावे पुराव्याने सिद्ध झालेले नाहीत. शिवाय ज्यांच्या भूमीवर हे घडले त्यांच्या प्रतिनिधी येथे लेखनिकाच्या भूमिकेत आहेत. अधूनमधून त्या प्रश्न विचारतात हे खरे, तरी निवेदनाची मालकी दिग्दर्शकाकडेच राहते. निवेदकाने स्वतःवर अविश्वास व्यक्त केल्याने साक्षीदारावरचा विश्वास आपोआप वाढत नाही.

येथे एक सैद्धान्तिक भेद करणे अगत्याचे आहे. विरचनावादाच्या प्रभावाखाली 'अनिर्णय' या संकल्पनेला आपल्या समीक्षेत प्रतिष्ठा मिळाली आणि ते बव्हंशी योग्यही होते. साहित्यकृतीतील अर्थाची अनिश्चिती ही भाषेच्या स्वरूपातून येते. कोणतेही कपाट उघडून ती नाहीशी होत नाही. एन्डोलाची अनिश्चिती या जातीची नाही. टांझानियाचे माजी सरन्यायाधीश मोहम्मद चांदे ओथमान यांनी संयुक्त राष्ट्रसंघासाठी २०१७ पासून सादर केलेल्या अहवालांत बाह्य हल्ला किंवा धोका हे कारण असणे संभवनीय असल्याचे म्हटले आहे. आणि निर्णायक ठरू शकेल अशी माहिती सदस्य राष्ट्रांच्या अभिलेखागारांत अप्रकट राहिल्याचे वारंवार निदर्शनास आणले आहे. म्हणजे येथील मौन हे संहितेचे नव्हे, संहिता अडवून ठेवणाऱ्यांचे आहे. पहिल्या प्रकारच्या अनिश्चितीत रमणे हा वाचकाचा अधिकार असेल. दुसऱ्या प्रकारच्या अनिश्चितीला पहिलीचे नाव देणे म्हणजे गोपनीयतेला तत्त्वज्ञानाचे छत्र देणे होय.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की, मग समीक्षकाने घातपाताचा पक्ष घ्यावा काय? तसे येथे सुचवावयाचे नाही. विमान का कोसळले हे संहितावाचनाने ठरणार नाही, आणि साक्षीदार वंचित आहे एवढ्यानेच त्याची साक्ष खरी ठरत नाही. परंतु कोणाची साक्ष तपासली गेली आणि कोणाची तपासण्यापूर्वीच बाद झाली, कोणते मागाहूनचे लेखन मूळ नोंद म्हणून चालले, कोणत्या वाक्यांत कर्ता गाळला गेला, हे वाचनानेच कळते. चौकशीच्या अहवालांना माहितीचे साधन समजून बाजूस ठेवण्याची आपल्या अभ्यासक्रमांची रीत म्हणूनच पुन्हा तपासावयास हवी. ते कथनच असते, आणि त्याच्या निवेदकाची पारख कादंबरीच्या निवेदकाइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवी; कारण कादंबरीतील अविश्वसनीय निवेदकामुळे फक्त वाचक फसतो, अहवालातील निवेदकामुळे तपास बंद होतो.