टॅग आणि अक्षरसीमा

'टीके' या टूलकिटातील मजकूर-चौकटीचे खरे वैशिष्ट्य तिच्या रंगांत वा टंकांत नसून तिच्या टॅगकल्पनेत आहे. जॉन ओस्टरहाउट यांनी बर्कले येथे सिद्ध केलेल्या या टूलकिटात टॅग म्हणजे मुळात केवळ एक नाव होय. मजकुराच्या एखाद्या भागास 'पाठभेद' हे नाव द्यावे. त्याचा रंग वा अधोरेखा पुढे केव्हाही ठरवावी, अथवा मुळीच ठरवू नये. २००२ च्या 'जीटीके' २.० ने हीच कल्पना स्वीकारली, हे योग्यच झाले.

एचटीएमएलमधील टॅगशी याचे नाते नामसाम्यापलीकडे फारसे नाही. तेथे एक खूण दुसरीच्या पोटात पूर्णपणे सामावावी लागते. येथे दोन टॅगांचे प्रदेश एकमेकांस छेदू शकतात. ओवीच्या संपादकास याचे मोल निराळे सांगावयास नको. वाक्य चरणाच्या मध्यावर संपते, दुसरे पुढील चरणात शिरते. तरी 'चरण' व 'वाक्य' ही दोन्ही नावे त्याच शब्दांवर निर्वेध नांदतात. दोहोंच्या आज्ञा परस्परविरोधी असल्यास नंतर निर्मिलेला टॅग वरचढ ठरतो. हा क्रम बदलता येतो, पण संपूर्ण मजकुरापुरता. ही उणीव सोसण्याजोगी आहे.

स्थानमापनाचा दोष मात्र गंभीर आहे. टीकेमध्ये ओळी १ पासून व वर्ण ० पासून मोजतात, आणि वर्ण म्हणजे युनिकोडचे एकक. 'क्षितिज' यातील 'क्षि' वाचकास एक अक्षर. यंत्रास क, हलन्तचिन्ह, ष व वेलांटी अशी चार एकके. '१.०' ते '१.१' एवढ्यास टॅग लावल्यास तो केवळ 'क'वर बसतो, कारण अंतिम स्थान वगळले जाते. रोमन लिपीत पहिले अक्षर ठळक करणारी आज्ञा येथे जोडाक्षरच दुभंगण्याचा संभव निर्माण करते. जीटीकेने वर्णागणिक सरकणे व कर्सरच्या थांब्यागणिक सरकणे यांत भेद केला आहे. तथापि टॅग लावणारी क्रिया मिळेल ती सीमा निमूटपणे घेते. ती अक्षराच्या कडेस आणण्याचा भार प्रोग्राम लिहिणाऱ्यावर पडतो, आणि ज्याने देवनागरी कधी हाताळली नाही त्यास असा काही भार आहे हेच ठाऊक नसते.

टॅग अक्षरसीमेशीच जखडावा, हाही उपाय नव्हे. दोन पोथ्यांतील भेद पुष्कळदा केवळ पहिल्या-दुसऱ्या वेलांटीचा असतो, आणि संपादकास नेमकी तीच नोंदावयाची असते. तेव्हा नाव एककावर बसू द्यावे, परंतु त्याचे दृश्य रूप काढताना चौकटीने ते पूर्ण अक्षरापर्यंत आपणहून वाढवावे.