व्हिक्टोरियन कादंबरीतील वेश आणि केश

बदलीच्या गावी नवे मराठी पुस्तक मिळणे दुर्घट असले, तरी एखाद्या जुन्या वाचनालयाच्या कपाटात डिकन्स, थॅकरे, जॉर्ज इलियट यांचे जाड खंड बहुधा सापडतात. ते वाचताना पोशाखाचे वर्णन आले की आपल्यापैकी पुष्कळजण पान उलटतात. पडदे, खुर्च्या आणि हवामान यांच्याच मालिकेतील ती एक सजावट, अशी आपली समजूत असते. ही समजूत त्या कादंबऱ्यांवर अन्याय करणारी आहे, असे मला वाटते. स्त्रीच्या अंगावर आणि मस्तकावर अधिकार कोणाचा, हा प्रश्न उघडपणे चर्चिणे त्या समाजात असभ्य ठरले असते. त्यातील श्रेष्ठ लेखिकांनी तो केस, टोपी आणि रेशीम यांच्या आडून मांडला.

आपल्या समजुतीला थॅकरेचा थोडासा आधार आहे, हे मान्य केले पाहिजे. ‘व्हॅनिटी फेअर’ची (१८४७-४८) चित्रे त्याने स्वतःच काढली. कथा वॉटर्लूच्या, म्हणजे १८१५ च्या सुमाराची. पात्रांचे कपडे मात्र त्याच्या स्वतःच्या काळातले! त्या जुन्या बेढब वेशात आपल्या नायक-नायिकांना विद्रूप करणे जिवावर आले, असा खुलासा त्याने एका तळटीपेत केला आहे. थॅकरेच्या थट्टेखोर वृत्तीला हे शोभून गेले. शार्लट ब्राँटीला मात्र ही मोकळीक घेता आली नसती. तिच्या कथेत कापड बदलले तर अर्थच बदलेल.

त्या काळातील फॅशन झपाट्याने पालटत होती. १८५६ च्या सुमारास पोलादी कड्यांचा क्रिनोलिन आला आणि घागऱ्याचा घेर दारात मावेनासा झाला. पुढे तो घेर मागे सरकून कमरेखालच्या फुगाऱ्यात जमा झाला. केसांचा दंडक मात्र याहून स्थिर होता. मुलीचे केस पाठीवर मोकळे असत, ती मोठी झाली की ते वर बांधले जात, आणि नंतर ते मोकळे दिसायचे ते शयनगृहात वा आजारपणात. म्हणून ‘जेन एअर’मधील (१८४७) बर्था मेसनची आयाळीसारखी विस्कटलेली जटा पाहताच त्या वाचकाला ती वेडी आहे हे वेगळे सांगावे लागत नव्हते.

याच कादंबरीत लोवुडच्या अनाथ मुलींच्या शाळेत ब्रॉकलहर्स्ट एका मुलीच्या कुरळ्या केसांवर संतापतो. ते निसर्गतःच कुरळे आहेत असे सांगूनही ते कापण्याचा हुकूम सुटतो. तेवढ्यात त्याच्या घरच्या स्त्रिया मखमल, रेशीम आणि लोकरी फर लेवून आत येतात. पत्नीच्या कपाळावर तर विकतच्या फ्रेंच कुरळ्या बटा! प्रसंग जरा जास्तच ठाकठीक जुळविलेला आहे, दांभिकता इतकी हाताशी उभी नसते. लेखिकेचे खरे सामर्थ्य पुढे दिसते. रॉचेस्टर जेनला रेशमाच्या दुकानात नेतो आणि जांभळे रेशीम व गुलाबी साटीन निवडतो. ती हट्टाने काळे साटीन आणि मोतिया राखी रेशीम घेते. तो जुलमी नाही, प्रेमी आहे. तरी एकाने केस कापविले आणि दुसरा रेशीम नेसवू पाहतो, यांत जेनला काही साम्य जाणवते. साधेपणा हा तिथे धर्म नसून स्वत्वाचे रक्षण आहे.

पुरुषांचा वेश मात्र काळा आणि एकसुरी होत गेला. लांब कोट, उंच टोपी आणि क्रिमियन युद्धाच्या सुमारास प्रतिष्ठा पावलेली दाढी. त्यावर कादंबरीकार फार थांबत नाहीत. थांबतात ते कारकुनाची थट्टा करायला. ‘ब्लीक हाउस’मधील (१८५२-५३) वकिली कचेरीतला गपी एस्थरला मागणी घालायला येतो तो चकचकीत नवा पोशाख करून, केसांना अस्वलाच्या चरबीचे सुगंधी पोमेड चोपडून. नकार मिळताच केस डोक्यावर चापून बसवून, तोंड पाडून तिच्यामागे नाटकगृहात हिंडतो. हसू येते खरे. पण ज्याच्यापाशी दाखवायला एक पोशाखच आहे त्याला हसणे डिकन्सला सोपे गेले, अशी माझी कारकुनी तक्रार आहे.

या साऱ्यांहून सूक्ष्म जागा ‘मिडलमार्च’मध्ये (१८७१-७२) आहे. डोरोथियाच्या साध्या कपड्यांत भक्तीइतकाच खानदानी अभिमान आहे, हे इलियट पहिल्याच प्रकरणात मिस्कीलपणे सांगून टाकते. पुढे कॅसॉबन मरतो. लॅडिस्लॉशी लग्न केल्यास संपत्ती जाईल, अशी अट त्याने मृत्युपत्रात घालून ठेवलेली. डोरोथियाच्या डोक्यावर विधवेची टोपी येते. एका संध्याकाळी धाकटी बहीण सीलिया तिच्या टोपीचे बंद सोडते आणि टोपी खुर्चीवर भिरकावते. वेण्यांची वेटोळी मोकळी होतात. लगेच वृद्ध लेडी चेट्टम सुतकाची मुदत सांगते आणि बोलणे पुनर्विवाहावर घसरते. कादंबरी छापली जात असताना राणी व्हिक्टोरिया, १८६१ मध्ये पती वारल्यापासून, काळ्या वेशातच होती, आणि १९०१ पर्यंत तशीच राहिली. पण इलियट टोपीला नुसती बेडी म्हणत नाही. आपल्याला तिची सवय झाली आहे, ती आता कवचासारखी वाटते, ती काढली की उघडे पडल्यासारखे होते, असे डोरोथियाच हसून सांगते. जी लादली गेली तिच्यातच थोडा आसरा सापडावा, हे दुःख शार्लट ब्राँटीच्या आवाक्याबाहेरचे होते.

हा प्रसंग वाचताना मराठी वाचकाला यमू आठवल्याशिवाय राहत नाही. हरिभाऊंची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ‘करमणूक’मधून १८९० पासून प्रसिद्ध होऊ लागली, म्हणजे त्याच राणीच्या अमलात. पती गेल्यावर यमूचे केशवपन जबरदस्तीने होते. सीलियाने भिरकावलेली टोपी उद्या पुन्हा घालता येते. वस्तऱ्याचे तसे नाही. डोरोथियाचे मन तिची लेखिका आपल्याला उलगडून दाखवते आणि ती स्वतः दोन वाक्ये हसून बोलते. यमूला सारे आपल्याच तोंडाने सांगावे लागते, आणि त्या कथनात हरिभाऊंनी हसण्याला कुठेच जागा ठेवलेली नाही.